आजेसासूबाईंचा डाग

ब्लॉग सुरू करण्यापूर्वी निदान दहा लेख हाताशी तयार असावेत, असं मिलिग्रॅमने कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते तिने नोंदवून ठेवलं नव्हतं, आणि पुढचे आठ महिने तिला त्या एवढ्या एका हलगर्जीपणाचीच खंत होती. बाकी सगळं तिच्या मते शास्त्रशुद्ध चाललं होतं.

मिलिग्रॅम हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. रसायनशास्त्राची मोठी पदवी घेऊन ती घरी परतली, त्या आठवड्यात आईने तिला चहात थोडी साखर टाकायला सांगितलं. "थोडी म्हणजे किती?" हिने विचारलं. "पाच मिलिग्रॅम," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. त्यावर तिने अत्यंत गंभीरपणे सांगितलं की पाच मिलिग्रॅम म्हणजे साखरेचा फार तर एखाद-दुसरा दाणा, तेवढी टाकली काय आणि न टाकली काय सारखंच. त्या दिवसापासून घरात, जिन्यात आणि खालच्या दुकानातसुद्धा ती मिलिग्रॅम झाली.

ब्लॉगचा विषय ठरला होता: घरातले डाग. चहाचा डाग, शाईचा डाग, गंजाचा, घामाचा, तेलाचा. प्रत्येक घरात डाग असतात आणि प्रत्येक घरात त्यावर चुकीचा उपाय चालतो, हे तिचं निरीक्षण होतं. डाग कशाचा आहे हे न विचारता लोक हाताला येईल ते त्यावर ओततात. मग डाग राहतो आणि कापड जातं. या अंधारात एक दिवा लावावा, असं तिच्या मनात होतं. दिव्याचं नावही ठरलं होतं. ब्लॉगच्या माथ्यावर निळ्या अक्षरांत 'बिनचूक' असं लिहिलेलं होतं, आणि ती निळी छटा निवडायला तिला नऊ दिवस लागले होते.

माथ्याखाली मात्र एकच ओळ होती: 'मजकूर लवकरच'.

ती ओळ आठ महिने तशीच होती. याचा अर्थ मिलिग्रॅम स्वस्थ बसली होती, असा मुळीच नाही. 'लेखिकेविषयी' हे पान तिने अकरा वेळा लिहिलं. आधी त्यात ती फार मोठी वाटत होती, मग फार लहान वाटायला लागली. शेवटी तिने नुसता जन्मदिनांक आणि पदवी ठेवली, तर ते पान हरवलेल्या व्यक्तीच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. वाचकांच्या प्रतिक्रियांसाठी तिने नियम लिहिले. मग प्रतिक्रिया येतीलच, तर उत्तरं तयार असलेली बरी, म्हणून उत्तरं लिहिली. कौतुकाला नम्र उत्तर, शंकेला सविस्तर उत्तर, भांडणाऱ्याला शांत उत्तर. भांडणारा नीट समजावा म्हणून तिने त्याच्या बाजूनेही लिहून पाहिलं, आणि तिला कबूल करावं लागलं की त्याचा मुद्दा जास्त पटण्यासारखा होता. मग तिने तो लेखच बदलला.

इतकंच काय, एक माफीनामाही तयार होता. 'प्रिय वाचक, आमच्या अमुक लेखात अमुक अशी चूक झाली,' आणि 'अमुक'च्या जागी रिकाम्या रेघा. कारण मिलिग्रॅमला खरी भीती होती ती एवढीच. छापलेली चूक परत घेता येत नाही. प्रयोगशाळेत चुकलं तर द्रावण मोरीत ओतता येतं. लोकांना सांगितलेली चुकीची गोष्ट लोकांच्या घरी जाऊन बसते. म्हणून ती लेख लिहायची, तपासायची, तळटीप द्यायची, मग तळटीप तपासायची. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं. पण हिची विहीर खणून झाली होती, पाणी लागलं होतं, आणि ही आत उतरून दगडांना पॉलिश करत बसली होती.

शेवटी बाबांनी तोंड उघडलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. माणूस कमी बोलणारा, पण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी बोलायची त्यांना सवय होती.

"हे बघ," ते म्हणाले, "लिफ्ट अडकली की आम्ही आधी ठरवतो, वर न्यायची का खाली. अडकलेलीच ठेवायची असं कधी ठरवत नाही."

"बाबा, साडेनऊ लेख झालेत."

"महिना संपेपर्यंत तुझं ते लोकांना दिसलं पाहिजे. एक लेख दिसू दे, अर्धा दिसू दे. नाही दिसलं, तर एक तारखेपासून काकाच्या कारखान्यात. त्याला रंग तपासायला माणूस हवाच आहे."

काकांचा रंगाचा कारखाना होता. तिथे रोज सकाळी पांढऱ्या रंगाचे डबे उघडून ते कालच्याइतके पांढरे आहेत का ते बघायचं काम होतं. काकांना पुतणीबद्दल फार जिव्हाळा होता. ब्लॉगचा पत्ता त्यांनी पहिल्याच दिवशी मागून घेतला होता. रोज सकाळी चहाबरोबर ते तो उघडायचे, 'मजकूर लवकरच' वाचायचे आणि समाधानाने बंद करायचे. "पोरगी कुठे जात नाही," ते बाबांना फोनवर सांगत. "टेबल तयार करून ठेवलंय मी."

तेव्हा महिना संपायला आठवडा होता आणि दहावा लेख अर्धा. तो अर्धाही तिला पटेना, म्हणून मिलिग्रॅम दहाव्या लेखासाठी नवा विषय शोधत होती, तेवढ्यात तो आपल्या पायांनी चालत घरी आला.

दोन गल्ल्या पलीकडे आईची मैत्रीण राहायची. तिचं घर म्हणजेच तिचं शिवणकामाचं दुकान: पुढच्या खोलीत मशीन, मधल्या खोलीत कापड, मागे स्वयंपाकघर. मिलिग्रॅम तिला शिवणमावशी म्हणायची. मावशीने आईच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला होता, आणि नेहमीप्रमाणे मशीन न थांबवता. आईने फोन लेकीच्या हातात दिला. "तुझ्यासाठी आहे गं. काहीतरी विचारतेय. सांग तिला." आणि आई नळाचं पाणी जायच्या आत भांडी घासायला गेली.

मिलिग्रॅमने निरोप कानाला लावला. मशीनची घरघर, मग मावशी:

"...तुझ्या मुलीला विचार ना गं... आमच्या आजेसासूबाईंचा डाग आहे एक..." घरघर. "...चाळीस वर्षं पेटीत, पार काळवंडलाय..." घरघर, घरघर. "...शनिवारी लग्नाला... तेव्हा जरा उजळून निघाला तर... पण जपून हां, गेला तर परत मिळायचा नाही!"

मिलिग्रॅमने तो तीनदा ऐकला. माहिती अपुरी होती, पण जी होती ती रोमांचक होती. चाळीस वर्षांचा डाग! मधला न ऐकू आलेला शब्द 'शालीवर' असावा किंवा 'रुमालावर' असावा; शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी दुसरं काय असणार? तिने कागदावर लिहिलं: 'कापड, गृहीत.' राहता राहिलं शेवटचं वाक्य. 'गेला तर परत मिळायचा नाही.' डाग घालवायचा तर आहे, पण गेला तर हळहळणार, अशी ही बाई! इथे मिलिग्रॅमच्या अंगावर काटा आला. याचा अर्थ मावशीला डाग काढायचाच नाहीये. तिला फक्त त्याचा काळेपणा कमी करायचाय. तो डाग म्हणजे आठवण आहे. आजेसासूबाई एके दिवशी काहीतरी लिहीत असतील, दौत कलंडली असेल, आणि त्या बाईंच्या हातचं एवढंच काय ते मागे उरलं असेल.

माणूस नऊ लेख तर्काने लिहितो आणि दहाव्यात घसरतो. मिलिग्रॅम दहाव्यात घसरली ती थेट तळाला. तिने लेखाला नाव दिलं: 'जपून ठेवावा असा डाग'. जुनी शाई लोखंडाच्या क्षारांची असते, ती हवेत काळी पडते, हे सगळं बरोबरच होतं. पण त्याआधी तिने शाईचा इतिहास लिहिला. त्याआधी लिहिण्याचा इतिहास. त्याआधी माणूस मागे काय ठेवून जातो, यावर दोन परिच्छेद. नमनाला घडाभर तेल म्हणतात, हिने तर आख्खा घाणा लावला. सातव्या उपशीर्षकाखाली एकदाची कृती आली: लिंबाच्या सत्त्वाचं कोमट द्रावण करा, त्यात रात्रभर बुडवून ठेवा, काळेपणा हलकेच उतरेल. मग तिने लेख तपासला, पुन्हा तपासला. लोखंड बरोबर, आम्ल बरोबर, तापमान बरोबर. एकही चूक नव्हती.

तीस तारखेला संध्याकाळी तिने तो आईला वाचायला दिला, फोनवर पाठवून. उद्या शेवटचा दिवस. उद्या सकाळी एकदा नजरेखालून घालायचा, आणि दहाच्या दहा लेख एकदम लोकांसमोर. रात्री तिला शांत झोप लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी आई चहा गाळत होती.

"वाचलास?" मिलिग्रॅमने विचारलं.

"कुठे गं वाचायला होतं. लांबलचक आहे तो. पण दिसतोय छान हां. तिला पाठवला मी कालच."

"कोणाला?"

"शिवणमावशीला. तिच्यासाठीच ना तो? शनिवार तोंडावर आलाय, तिला तो घालायचाय लग्नात. काय सुंदर आहे गं, मी पाहिलाय एकदा. दोन पदरी, टपोरे मोती."

मिलिग्रॅमने कप खाली ठेवला.

"मोती कसले?"

"डागाचे."

"डागाला मोती कसे असतील, आई?"

"मग कशाचा असतो डाग? सोन्याचा असतो, चांदीचा असतो, हा मोत्यांचा आहे."

"डाग म्हणजे... डाग! कपड्यावर पडतो तो!"

आईने गाळणं हातात तसंच धरून तिच्याकडे पाहिलं. "अगं बाई. डाग म्हणजे दागिना. म्हणत नाहीत का, लग्नात चार डाग घातले? तुझी आजी कायम म्हणायची. डागडागिने, डागडागिने. तुला काय वाटलं?"

मिलिग्रॅमला काय वाटलं होतं, ते अडीच हजार शब्दांत मावशीच्या फोनवर पोचलेलं होतं. मोती म्हणजे शुद्ध शास्त्रीय भाषेत खडूचा चुलतभाऊ, हे ती झोपेतही सांगू शकली असती. खडू आम्लात टाकला की फसफसतो आणि विरघळतो, हे शाळेतली मुलंही सांगतात. आणि हिने जगाला, म्हणजे जगातल्या नेमक्या त्या एका बाईला, मोती रात्रभर लिंबाच्या सत्त्वात बुडवून ठेवायला सांगितलं होतं. तळटिपेसह.

"फोन लाव," ती म्हणाली.

आईने लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "मशीनवर असेल. मशीनवर असली की तिला जगबुडी झाली तरी ऐकू येत नाही."

मिलिग्रॅम घरातल्या चपलांनीच निघाली. जिन्यात बाबा भेटले. "लागला का मजकूर?" त्यांनी विचारलं. ती उत्तर न देता खाली गेली. बाबांनी ते होकारार्थी घेतलं.

पळताना तिच्या डोक्यात गणित सुरू झालं, कारण तिचं डोकं तेवढंच करू शकत होतं. मोती सहा मिलिमीटरचा धरू. थर दर तासाला किती झिजेल? ते आम्लाच्या प्रमाणावर. प्रमाण किती दिलं होतं? इथे तिला आठवलं की प्रमाण तिने दोन दिलं होतं, एक लेखात आणि एक, 'नाजूक धाग्यांसाठी', तळटिपेत. म्हणजे मावशीने तळटीप वाचली असेल तर निम्मे मोती वाचले. मग तिला आठवलं की तळटिपा कोणी वाचत नाही. ती स्वतःही दुसऱ्यांच्या वाचत नसे.

एका कोपऱ्यावर तिला धाप लागली आणि ती कुंपणाला धरून उभी राहिली. तेव्हा तो तयार माफीनामा तिला आठवला. 'आमच्या अमुक लेखात अमुक अशी चूक झाली.' तिने रिकाम्या रेघा भरून पाहिल्या. आमच्या 'जपून ठेवावा असा डाग' या लेखात आपल्या आजेसासूबाईंची एकुलती एक आठवण विरघळवण्याची चूक झाली. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! तिने स्वतःलाच इतक्या मोठ्याने "बावळट" म्हटलं की पलीकडून चाललेल्या पोस्टमनने मागे वळून पाहिलं.

मावशीचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत मशीन घरघरत होतं आणि मावशी पाठमोरी बसून एका कोटाची बाही ओढत होती. मिलिग्रॅम तिच्या मागून थेट स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर काचेचं भांडं होतं. भांड्यात पाणी होतं. पाण्यात, तळाशी, पांढरे, गोल, चमकणारे.

तिने कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर बाहेर काढले, नळाखाली धरले, परत हात घातला, परत काढले. काही मोरीत घरंगळले. ती खाली बसून ते वेचायला लागली आणि त्यातच रडायलाही लागली, कारण मोती आधीच चपटे झाले होते. पार चपटे. आणि त्यांना भोकंही पडली होती. प्रत्येकाला चार चार.

मशीन थांबलं.

"काय गं मिलिग्रॅम?" मावशी दारात उभी होती, तोंडात दोन टाचण्या. "माझी बटणं तुझ्या हातात काय करतायत?"

मिलिग्रॅमने हातातल्या बटणांकडे पाहिलं. चार भोकांची, शर्टाची बटणं. साबणाच्या पाण्यात घातलेली.

"डाग," ती म्हणाली. "मावशी, तुमचा डाग कुठे आहे?"

"पेटीत. का?"

"बुडवला नाहीत?"

"कशात?"

"लिंबाच्या सत्त्वात! लेखात लिहिलं होतं ना मी!"

मावशीने टाचण्या तोंडातून काढून गळ्यातल्या उशीला टोचल्या. "हां, तो लेख. अगं, आईने पाठवला काल. बसले मी वाचायला चष्मा लावून, खोटं कशाला सांगू. छान सुरुवात केलीस. माणूस मागे काय ठेवून जातो वगैरे. म्हटलं, मोत्यांबद्दल पुढे येईल. मग ते दगडावर कोरून लिहायचे, मग चामड्यावर लिहायचे..."

"मग?"

"मग डोळा लागला. चष्म्यासकट. सकाळी नाकावर ही खूण." तिने खूण दाखवली. "आज दुपारी पुढचा वाचणार होते बरं का. का, काही महत्त्वाचं होतं का पुढे?"

मिलिग्रॅम मोरीपाशी जमिनीवरच बसून राहिली. कृती सातव्या उपशीर्षकाखाली होती. मावशी दुसऱ्यात झोपली होती. मध्ये चामडं, झाडाची साल, हिशोब लिहिणारे व्यापारी आणि शाईचे चार प्रकार असा भक्कम तट उभा होता, आणि त्या तटाआड आजेसासूबाईंचे मोती सुखरूप होते. आपल्या कंटाळवाणेपणाने आज एक दागिना वाचवला, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा हसावं की काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने नाक पुसलं.

मग तिने सगळं सांगितलं. मशीनची घरघर, 'कापड, गृहीत', दौत कलंडली ते. मावशी ऐकता ऐकता स्टुलावर बसली, मग ओट्याला टेकली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"म्हणजे तुला वाटलं, आजेसासूबाईंनी मला लग्नात शाईचा डाग दिला?"

"हो."

"आणि मी तो चाळीस वर्षं पेटीत जपून ठेवला?"

"मला ते फार हृद्य वाटलं, मावशी."

"माझी आजेसासू म्हणजे... अगं तिला सही करता यायची नाही! दौत कलंडतेय!"

"मावशी, हसू नका. आज तुमचा डाग गेला असता. माझ्यामुळे."

मावशीचं हसू ओसरलं. ती आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन पदरी माळ होती, मधे चांदीच्या बारीक कड्या, काळ्या पडलेल्या, आणि मोती धुरकट, पिवळसर. तिने ती मिलिग्रॅमच्या ओल्या तळहातावर ठेवली. वजनाला होती. मिलिग्रॅमला वजन सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

"गेला असता तर मी तुला शिव्या घातल्या असत्या," मावशी म्हणाली. "महिनाभर. तुझ्या आईलाही घातल्या असत्या, न वाचता पाठवला म्हणून. मग कंटाळले असते आणि चहाला आले असते. पण गेला नाही ना? मग आता सांग, ह्याचं करायचं काय? आणि दगडापासून सुरुवात करू नकोस. मला दोन कोट द्यायचेत आज."

"आंबट काही लावायचं नाही," मिलिग्रॅम म्हणाली. "लिंबू नाही, व्हिनेगर नाही. मोती आंबटात विरघळतो. पाण्यात भिजत घालायचा नाही, दोरा कुजतो. मऊ कापड अगदी किंचित ओलं करून पुसायचं, मग कोरड्याने. आणि अत्तर आधी लावायचं, मोती सगळ्यात शेवटी घालायचे. एवढंच."

"झालं?"

"झालं."

"हे लिही."

"हे? मावशी, हा लेख नव्हे. ह्याला संदर्भ नाही, तपासलेलं नाही—"

"चूक आहे का ह्यात काही?"

"नाही, पण—"

"माझ्या जावेकडे जोडीची माळ आहे. दोघींना एकेक दिली होती म्हातारीने. तिलाही शनिवारी घालायचीय. आणि ती बाई सगळं लिंबाने घासते. पितळ लिंबाने, चांदी लिंबाने, स्वतःच्या टाचा लिंबाने. मी सांगितलं तर म्हणेल, ही कोण मला शिकवणार. छापील असलं तर ऐकते. कशावर लिहिणार होतीस ते तुझं? लिही त्याच्यावर आणि दे मला, पाठवते तिला."

मिलिग्रॅमने फोन काढला. माथ्यावर निळं 'बिनचूक', खाली 'मजकूर लवकरच'. दहा लेख आत रांगेत उभे होते, त्यातल्या दहाव्याने आज सकाळी काय केलं असतं ते तिला माहीत होतं. उरलेल्या नऊंत काय दडलंय ते माहीत नव्हतं. ज्या मुलीला डाग म्हणजे काय ते कळलं नाही, तिने डागांवर लोकांना सांगावं का? तिचा अंगठा हवेत थांबला. आता हात मागे घेतला तर उद्यापासून पांढरा रंग. पांढरा रंग कालच्याइतका पांढरा आहे का एवढं बघायचं. त्यात कोणाच्या आजेसासूबाई सापडायच्या नाहीत, ही केवढी मोठी सोय होती.

"ती अकराला घासायला बसते हां," मावशी म्हणाली. "घड्याळ बघ."

मिलिग्रॅमने उठून उभ्याउभ्याच टाइप केलं. हाताला साबण होता, अक्षरं निसटत होती. मथळा दिला: 'मोत्यांना आंबट लावू नका'. खाली ती पाच-सहा वाक्यं. मग राहवेना म्हणून सहावं लांबवायला घेतलं, 'याचं कारण असं की, प्राचीन काळी', आणि मावशीने नुसतं "हं" केलं. तिने ते पुसलं. 'मजकूर लवकरच' ही ओळ काढली. बटण दाबलं.

मावशीने फोन ओढून घेतला, हात लांब करून डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने वाचला. सगळा. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मिलिग्रॅम तिच्या तोंडाकडे बघत होती, कुठे डोळे मिटतायत का ते. नाही मिटले. मग मावशीने लेखाचा पत्ता स्वतःच्या फोनवर घेतला आणि त्यावर तीनदा टिचकी मारली.

"पाठवला," मावशी म्हणाली. "जावेला, नणंदेला, आणि तो आमचा लग्नाचा जो गट आहे ना, सत्तर माणसांचा, त्याच्यावर."

"बघू," म्हणून मिलिग्रॅमने आपला फोन परत घेतला, आणि तेव्हा तिला दिसलं. चौथ्या वाक्यात. 'मऊ कापडाने पूसा.' पू. दीर्घ. 'बिनचूक'च्या बरोबर खाली, सत्तर माणसांच्या हातात.

ती दुरुस्तीचं बटण शोधायला लागली, तोच फोन थरथरला. पहिली प्रतिक्रिया आली होती, काकांची. सकाळचा चहा चालला असणार.

'पूसा नव्हे, पुसा. पु ऱ्हस्व. बाकी शेवटपर्यंत वाचलं. काकूने मोत्यांसाठी वाटीत काढलेलं लिंबू बाजूला ठेवलंय. टेबल दुसऱ्याला देतो मग.'

मिलिग्रॅमने ती दोनदा वाचली. तिच्याकडे कौतुकाला उत्तर होतं, शंकेला होतं, भांडणाला होतं. ह्याला नव्हतं. आठ महिन्यांच्या सगळ्या तयारीत तीन शब्दांचं वाक्यच नव्हतं कुठे. तिने लिहिलं: 'हो काका, चुकलं.'

"झालं का तुझं?" मावशीने कपाटातून जुन्या मऊ धोतराचा तुकडा काढून तिच्या अंगावर टाकला. "मग ती माळ घे आणि बस तिथे पुसायला. पु ऱ्हस्व."

आणि ती परत मशीनवर जाऊन बसली.